फौंड्रीतल्या स्टाफचे फोटो काढायचेत. स्टुडिओ नाही, फ्लॅश नाही. कुठं उभं करू?

शिरोली_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी पर्सोनेलचं काम बघतो. हजेरी, पीएफ, कँटीनच्या तक्रारी आणि ज्या कामाला कुणी वाली नाही ती सगळी. त्यात आता आणखी एक आलंय. रिसेप्शनला नवा बोर्ड लागणार, वेबसाइट नवी होणार, दोन्हीकडं स्टाफचे फोटो पाहिजेत. ऑफिसपासून फेटलिंगपर्यंत (ओतलेले भाग घासून साफ करतात तो विभाग) सगळ्यांचे, साठेक माणसं. "तुझ्याकडं कॅमेरा हाय की," साहेब म्हणाले आणि मीटिंग संपली.

मागच्या खेपेला बाहेरून फोटोग्राफर बोलावला होता. मागं पांढरा फ्लेक्स, समोरून फ्लॅश, चला पुढचा. कपाळं चमकतायत, मागं काळी सावली, आणि सगळे बँकेत खातं काढायला आल्यासारखे. तसं नको एवढं कळतं. मग कसं, ते कळत नाही.

सामान: क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स, एक ५० मिमी एफ १.८, डुगडुगणारा ट्रायपॉड. मोबाइल बरा आहे. बजेट विचारू नका.

जागा: ऑफिसात फॉल्स सीलिंग, एलईडी पॅनेल, काचांना निळसर फिल्म. कॉन्फरन्स रूमला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, पण निम्मी एसीनं खाल्लीय. शेडच्या छताला मधेमधे पारदर्शक पत्रे आहेत, तिथं उजेड भरपूर पण वरून पडतो. डिस्पॅचला पूर्वेकडं उघडणारं मोठं रोलिंग शटर आहे. वर पावसाचे दिवस. काम न थांबवता हे कसं उरकावं?

गडहिंग्लजचा_गडी

भावा, दोन सॉफ्टबॉक्स भाड्यानं आण की. एका दिवसाचा विषय. कशाला डोकं लावतोस?

शिरोली_नाका

बजेट विचारू नका म्हटलंय वर.

उंबरठा

डिस्पॅचचं शटर. बाकीच्या जागा विसरा.

पारदर्शक पत्र्याखाली कुणाला उभं करू नका. उजेड डोक्यावरून पडला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली मिशीएवढी सावली, आणि टक्कल असेल तर फोटोत तेवढंच दिसतं. कॉन्फरन्स रूमची खिडकी दुपारनंतर ऊन घेणार, म्हणजे तीही गेली.

शटर पूर्ण वर घ्या. माणूस अगदी उंबऱ्यावर नको, कारण तिथं आभाळाचा उजेड कपाळावर पडतो. त्याला तीन-चार फूट आत घ्या. मग छत वरचा उजेड अडवतं आणि राहिलेला समोरून येऊन डोळ्यांत शिरतो. हा फरक बघायला कॅमेरा लागत नाही. कुणाला तरी उंबऱ्यावरून हळूहळू आत चालायला लावा आणि त्याच्या डोळ्यांकडं बघत राहा. एका जागी बुबुळात पांढरा चौकोन लख्ख दिसायला लागेल आणि डोळ्यांखालचं काळं कमी होईल. तिथं जमिनीवर टेप मारा. आणखी आत नेलंत तर शटर लहान दिसायला लागतं, उजेड कमी पडतो आणि सावल्या कडक होतात.

तोंड सरळ बाहेर करून उभं करू नका, चेहरा सपाट येतो. खांदे थोडे तिरके, आणि तुम्ही शटरच्या एका चौकटीला टेकून. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी जरा मंद. मंद बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरं काहीतरी धरा. थर्माकोल शोधत बसू नका, सनबोर्ड घ्या. नाहीतर जुना फ्लेक्स उलटा करून लाकडी चौकटीवर ताणा. कोल्हापुरात फ्लेक्सला काय तोटा? कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा पडलेला असतोच. मागची बाजू पांढरी असली म्हणजे झालं.

माणसाच्या मागं वीस-पंचवीस फूट शेड मोकळी असू द्या. तिथं उजेड कमी असल्यामुळं आपोआप गडद होतं. मोल्डिंग बॉक्सची रास, पॅलेट, काय असेल ते अंधुक दिसतं. पडदा लागत नाही, आणि फोटो फौंड्रीतला आहे हेही कळतं.

जवळपासचे सगळे दिवे बंद. बाहेरचा उजेड एका रंगाचा, तुमचा एलईडी दुसऱ्या रंगाचा. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल हिरवट. ते नंतर कॉम्प्युटरवर निघत नाही.

५० मिमी लावा, सहा-सात फुटांवर थांबा, छातीपासून वर बरोबर बसतं. एफ ४ (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तर तोंड मोठं), शटर स्पीड १/१२५, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) ४०० पासून सुरू करा, ढग दाटले की ८००. एफ १.८चा मोह आवरा, एक डोळा शार्प आणि दुसरा झोपलेला येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचं सेटिंग, ऑटोवर नको. क्लाउडीवर ठेवा, म्हणजे साठ जणांचा रंग एकसारखा राहील.

टर्पेंटाइन

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. थोडी भर घालतो.

आम्ही पेंटिंग शिकलो तेव्हा पोर्ट्रेटला उत्तरेचा उजेड हे पाठ होतं. युरोपात ते खरं आहे, तिथं उत्तरेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. आपलं गाव साडेसोळा अंशाच्या जरा वर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर दुपारीसुद्धा तो उत्तरेकडं कललेला असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत माथ्यावरून दक्षिणेला जातो. त्या तीन महिन्यांत कोल्हापुरात उत्तरेच्या खिडकीत ऊन दिसतं. पाऊस असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. त्यामुळं दिशेच्या पुस्तकी नियमाला चिकटू नका, जागेवर जाऊन बघा.

तुमचं शटर पूर्वेचं. सकाळी ऊन थेट आत येणार. तुमची वेळ दुपारची. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात आणि आपण आहोत ७४च्या जरा पुढं, म्हणून इथं सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या पुढं. एक वाजल्यापासून तुमचं शटर सावलीत आणि समोर उघडं आभाळ. चार-साडेचारपर्यंत उजेड फारसा हलत नाही. साठ माणसं एकसारखी दिसायला हवीत तर हेच तास.

बाकी हे कोल्हापूरला नवं नाही. १९१७ साली बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथंच बनवला. त्या काळात चित्रीकरण चालायचं ते उन्हावर. मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर, उजेड कुठून येतो हे बघायची सवय आधीपासूनची. आजचा पोरगा आधी फ्लॅश विकत घेतो आणि मग विचारतो कुठं लावू.

गडहिंग्लजचा_गडी

टोमणा पोचला 🙂

शिरोली_नाका

दुपारी एकनंतरचं जमण्यासारखं आहे. जेवणाची सुट्टी साडेबाराला, त्यातून परतताना एकेक गट घेता येईल. फर्नेसवाल्यांचं मात्र अवघड. मेटल तयार झालं की ओतल्याशिवाय कुणी हलत नाही, आणि ती वेळ रोज बदलते. त्यांना शेवटी ठेवतो.

पण उभं राहिल्यावर माणसं लाकडासारखी होतात त्याचं काय? आमचा एक सुपरवायझर दिवसभर सगळ्यांना हसवतो. परवा मोबाइल समोर धरला तर श्वास रोखून उभा राहिला.

पिक्सेल_पाटील

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या उजेडात चांगला मोबाइल पुरेसा आहे. डीएसएलआर बघून माणूस जास्त घाबरतो. फक्त काही गोष्टी.

१एक्सवर काढू नका. मोबाइलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. चेहरा फ्रेममध्ये भरायला तुम्ही दोन फुटांवर जाता, मग नाक मोठं आणि कान मागं गेलेले. २एक्स किंवा ३एक्स लावा आणि चार-पाच फूट मागं सरका. लेन्स नाकाला मोठं करत नाही, तुमचं अंतर करतं.

पोर्ट्रेट मोड बंद. हेल्मेटचा पट्टा, चष्म्याची काडी, विस्कटलेले केस, हे सगळं तो खातो. आणि ब्यूटी फिल्टर शोधून शोधून बंद करा, काही मोबाइलमध्ये तो आपोआप चालू असतो. पन्नाशीच्या मोल्डरच्या (वाळूचे साचे करणाऱ्याच्या) चेहऱ्यावरची एक रेघ शिल्लक राहत नाही.

चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) लॉक होतं. मागं अंधार असल्यामुळं मोबाइल चेहरा जास्त उजळवायला बघेल, तेव्हा बोटानं थोडं खाली ओढा.

दिवे बंद करता येत नसतील तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. स्पीड वाढवला की फोटोत आडवे पट्टे.

उंबरठा

पाटील, बाकी मान्य. पण बोर्डावर सहा बाय आठ इंची प्रिंट लावायची असेल तर डीएसएलआरच. मोबाइलचा फोटो स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंटला त्वचा प्लास्टिकची होते.

पिक्सेल_पाटील

सहा बाय आठला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय २४०० पिक्सेल लागतात. मोबाइल त्याच्या दुप्पट-तिप्पट देतो. त्वचा प्लास्टिकची होते ती प्रोसेसिंगमुळं. रॉ, म्हणजे प्रोसेसिंग न केलेली मूळ फाइल काढा, होणार नाही.

उंबरठा

रॉ काढून साठ फोटो कोण धुणार? त्यापेक्षा कॅमेरा बरा.

डार्करूम_आबा

तुमचं कॅमेरा-मोबाइल चालू द्या. मी लाकडाचं होण्यावर बोलतो.

माझा महाद्वार रोडच्या बाजूला स्टुडिओ होता, आता मुलानं झेरॉक्स टाकलंय तिथं. लग्नाआधी दाखवायचे फोटो, आयकार्ड, निवडणुकीला उभे राहणारे, सगळे येऊन गेले. त्यावरून सांगतो. "हसा" म्हणायचं नाही. हसा म्हटलं की माणूस ओठ ताणतो आणि डोळे घाबरलेलेच राहतात. "सरळ बघा"ही म्हणायचं नाही. त्याला त्याच्या कामाचं विचारायचं, आणि ज्याचं उत्तर हो-नाहीत संपत नाही असं विचारायचं. मोल्डरला विचारा, वाळू ओली जास्त झाली हे हातात घेतल्यावर कसं कळतं. तो आधी हाताची मूठ करून दाखवेल, मग सांगायला लागेल. सांगून झालं की एक क्षण थांबतो, तुम्हाला समजलं का म्हणून तुमच्याकडं बघतो. तो फोटो. बोलताना काढू नका, तोंड वाकडं येतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि तुम्ही बाजूला उभं राहा, बोट बटणावर. डोळा कॅमेऱ्याला चिकटवून बसलात तर समोरचा कुणाशी बोलणार?

दुसरं, आरसा. टेपच्या खुणेपासून जरा लांब, खिळ्याला चेहऱ्याच्या उंचीवर. खाली नवा कंगवा आणि टिश्यूचं पाकीट. हे ठेवलं नाही तर प्रत्येक जण तुम्हालाच विचारणार "केस बरोबर हायत का" आणि तुम्ही सगळ्यांना बरोबर हायत म्हणणार. बायकांना तर आरशाजवळ दोन मिनिटं एकटं सोडा. पदर, मंगळसूत्र, टिकली हे त्यांचं त्यांना बघू द्या. कँटीनच्या मावशींना आधी बोलावू नका, त्यांच्या पुढं चार जणी होऊ द्या. मग त्या स्वतः येतात.

पावडर मात्र लावू देऊ नका. आपल्याकडं फोटो म्हटलं की पावडर. ढगाळ उजेडात सावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी दिसते, माणूस आजारी वाटतो. घाम टिश्यूनं टिपायचा, पुसायचा नाही. आणि कुणाचा रंग उजळवू नका. आमच्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलनं काम करून गोरं करायची पद्धत होती, गिऱ्हाईक मागायचंच. तुम्हाला कुणी मागत नसताना करू नका.

गळ्याचं बटण बघा. अर्धे लोक फोटोला वरचं बटण लावतात आणि मान आत जाते.

टर्पेंटाइन

आबा, मुठीचा मुद्दा अगदी पटला. शिरोलीवाले, छातीपर्यंतच्या फोटोबरोबर हात दिसतील असा एक कमरेपर्यंतचा पण घ्या. फक्त हातात पाना, कॅलिपर वगैरे देऊन उभं करू नका. पाना उचलून कॅमेऱ्याकडं बघत कुणी काम करत नाही.

ग्राइंडर_सेकंड_शिफ्ट

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी पण फेटलिंगलाच आहे, दुसऱ्या कंपनीत. एक सांगू का, उजेड-बिजेड ठीक आहे.

आधी मी जिथं होतो तिथं असेच फोटो काढले होते. ऑफिसच्यांना दोन दिवस आधी निरोप, इस्त्रीचा शर्ट घालून या. आम्हाला ग्राइंडिंग चालू असतानाच बोलावलं. कपडे बदलू का विचारलं तर "आहे तसेच या, नॅचरल दिसतं." मास्क काढला की नाकातोंडाभोवती पांढरं, बाकी चेहरा काळा, डोळे लाल. वेबसाइटवर साहेबांच्या फोटोखाली नाव, हुद्दा, शिक्षण. आमच्या चौघांच्या खाली काय, तर "शॉप फ्लोअर". पोरगीनं शाळेत दाखवायला मोबाइलवर काढलं आणि म्हणाली, पप्पा तुमचं नाव कुठाय.

फोटो चांगलाच होता हो. उजेड मस्त. पण दोन दिवस आधी मलाही सांगा, आणि नाव घाला.

उंबरठा

यापुढं एफ ४ का एफ ५.६ बोलायला तोंड राहिलं नाही. शिरोलीवाले, हे आधी करा.

टर्पेंटाइन

पूर्ण मान्य. तरी कामाच्या कपड्यातला फोटो वाईटच असं नाही. भट्टीवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ॲप्रनमध्येच फोटो हवा असूही शकतो.

ग्राइंडर_सेकंड_शिफ्ट

असू शकतो. त्याला विचारा म्हणजे झालं. मला विचारलं असतं तर मी तोंड धुऊन, ॲप्रन घालूनच उभा राहिलो असतो.

डार्करूम_आबा

आणि नावाचं स्पेलिंग ज्याचं त्याला विचारून लिहा. पगारपत्रकात असतं ते निम्म्यांचं चुकीचं असतं.

कलम_आणि_कायदा

दोन गोष्टी, थोडक्यात.

आयकार्डासाठी फोटो घेणं वेगळं आणि वेबसाइटवर टाकणं वेगळं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कारणासाठीची आणि नंतर मागे घेता येईल अशी असावी लागते. म्हणून एका कागदावर वेगवेगळे रकाने करा: आयकार्ड, बोर्ड, वेबसाइट, सोशल मीडिया. मराठीत. ज्याला वेबसाइटवर नको त्याला नको, कारण विचारत बसू नका. काही बायकांना खरंच नको असतं.

दुसरं, हक्क. तुम्ही नोकरीचा भाग म्हणून फोटो काढताय, त्यामुळं वेगळा करार नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणं मालकी कंपनीची. बाहेरच्या फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतले तरी, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचीच. पण प्रत्येकाला त्याच्या फोटोची एक प्रत द्यायला कुठल्या कलमाची आडकाठी नाही.

ऑडिटचा_धसका

कायद्याचं आलंच आहे तर सेफ्टीचं पण घ्या. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज लागतात अशा पिवळ्या पट्ट्याच्या आत बिनहेल्मेटचा हसरा फोटो काढून वेबसाइटवर टाकलात तर गिऱ्हाइकाचा ऑडिटर पहिला तोच काढून दाखवतो. अनुभव आहे. शटरच्या आतल्या त्या तीन-चार फुटांत पट्टा कुठं आहे ते आधी बघा. हेल्मेट घालूनच फोटो हवा असेल तर हनुवटी किंचित वर, नाहीतर डोळे छज्जाखाली जातात.

शिरोली_नाका

सगळ्यांचे आभार. ग्राइंडरभाऊ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. नोटीस लागली आहे: कपडे ज्याचे त्यानं ठरवायचे, घरचे किंवा कामाचे, दोन्ही चालतील. पूर्वीचे शटरजवळचे पिवळे पट्टे थोडे मागं घेता येतात का हे सेफ्टीवाल्याला विचारलं. नाही म्हणाला. म्हणून टेपची खूणच एक फूट बाहेर सरकवली. उजेडात फार फरक पडला नाही.

काल ट्रायल घेतली, स्टोअरमधल्या दोघांना उभं करून. उंबरठा म्हणतात तसा डोळ्यातला चौकोन दिसला आणि खूश झालो. पण दुसऱ्याच्या फोटोत गाल पिवळा. दिवे सगळे बंद. व्हाइट बॅलन्स तोच. डोकं खाजवत बसलो. शेवटी स्टोअरकीपर म्हणाला, मघाशी मागं वळवून लावलेली गाडी बघा. पहिला फोटो झाल्यावर शटरसमोर पिवळ्या हौद्याचा ट्रक येऊन लागला होता, त्याचाच रंग चेहऱ्यावर. गाडी पुढं घेतली, गाल गेला मूळ रंगावर. आता एक ते चार शटरसमोर गाडी लावायची नाही, असं डिस्पॅचनं मान्य केलंय, कुरकुरत का होईना. निळी ताडपत्री पण हलवली.

पाऊस पडून गेल्यावर अजून एक दिसलं. ओलं काँक्रीट काळं पडतं आणि खालून येणारा उजेड कमी होतो, हनुवटीखाली अंधार. तिथं तुमचा उलटा फ्लेक्स जमिनीवर अंथरला. काम झालं. फ्लेक्स कुणाच्या वाढदिवसाचा ते सांगत नाही, इलेक्शन जवळ आहे.

आता अडचण चष्म्याची. शटरचा पांढरा चौकोन काचेवर येतो.

उंबरठा

चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या वर उचलायला सांगा, काच खाली झुकते. तेवढ्यानं गेलं नाही तर चेहरा शटरपासून आणखी तिरका. चष्मा काढायला लावू नका, रोज लावणाऱ्याचा चेहरा त्याच्याशिवाय वेगळाच दिसतो.

पिक्सेल_पाटील

पांढरी टोपी किंवा पांढरा शर्ट असला की हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघा. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेवून टोपी पार जळून जायला नको. ऑटोवर असाल तर पांढऱ्याला बघून कॅमेरा चेहरा अंधारतो. तुम्ही मॅन्युअलवर आहात, तिथंच राहा. तासातासानं आणि ढग आला-गेला की एक टेस्ट फोटो.

डार्करूम_आबा

आणि प्रत्येकाच्या आधी टोकन नंबर (कामगाराचा कंपनीतला नंबर) लिहिलेल्या पाटीचा एक फोटो. साठ माणसांत एकसारखी तीन आडनावं निघतात, मग नंतर कोण कुठला ते कळत नाही.

शिरोली_नाका

पाटी केली आबा. फर्नेसवाले सोडून सगळे झाले. साहेब म्हणत होते माझा केबिनमध्ये काढ, मागं ट्रॉफ्या येतील असा. मी म्हटलं, बोर्डावर एकट्याचाच वेगळा दिसेल. जेवण करून शटरला आले. आरशासमोर सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला.

शेवटचे दोन प्रश्न. रिसेप्शनला समोर काचेचा दरवाजा आहे, तर प्रिंट ग्लॉसी का मॅट? आणि बोर्डावर क्रम कसा लावू? एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात हुद्द्यानं, मला आडनावानं लावावंसं वाटतं. उद्या त्यावर मीटिंग आहे.

टर्पेंटाइन

मॅट. ग्लॉसीत तुमचा दरवाजाच दिसेल दिवसभर. लावताना सगळ्यांचे डोळे एका रेषेत येतील असं क्रॉप करा, डोक्याची वरची कड नव्हे. उंची-टोपी-केस यात फसायला होतं.

ग्राइंडर_सेकंड_शिफ्ट

क्रम टोकन नंबरनं लावा. सगळ्यात जुना माणूस पहिला. कुणाला बोलायला जागा नाही.

शिरोली_नाका

हे भारी आहे. १ आणि २ रिटायर झाले. ३ नंबर पॅटर्न शॉपचे (साच्यासाठीचे नमुने करतात तिथले) मिस्त्री. फक्त साहेबांना टोकनच नाही.

ग्राइंडर_सेकंड_शिफ्ट

मग द्या की एक. पुढचा नंबर कुठला चालू आहे?